मेल आयडी बाईंचा, किल्ली भाच्याकडे

स. न. वि. वि.

मी कराड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वय ६४. गेल्या वर्षी यजमान गेले. विमा, म्युच्युअल फंड, विजेचं बिल, सगळं त्यांच्या जीमेलवर यायचं. तो आता कुणालाच उघडता येत नाही. आणि जिथे जावं तिथे 'मॅडम, मेल आयडी सांगा'. मला मेल नाही. भाचा म्हणतो, 'मावशी, माझाच देऊन टाक, काही आलं तर सांगतो. या वयात कुठे शिकत बसतेस?' तो वाईट नाही, धावपळ तोच करतो. पण मला माझा स्वतःचा हवा आहे. व्हॉट्सॲप येतं. एमएस-सीआयटी केली होती, आता काही आठवत नाही. पैसे पडतात का? इंग्रजी किती लागतं? पहिल्यापासून सांगा.

एक वाचक, कराड

नमस्कार बाई,

शिक्षिका म्हटल्यावर 'ताई' लिहायला हात धजेना, म्हणून बाईच.

सोपे दोन प्रश्न आधी उरकतो. पैसे पडत नाहीत. इंग्रजी तुम्ही वर्गात शिकवलंत तेवढं पुरे. पत्ता आणि पासवर्ड रोमन अक्षरांत टाकायचा, बाकी सगळा पडदा मराठीत करून घेता येतो आणि मेल तर अख्खा देवनागरीत लिहिता येतो. पण तुमचं एक वाक्य मी लाल पेनानं खोडणार आहे. 'मला मेल नाही' असं लिहिलंय तुम्ही. माझ्या मते आहे.

व्हॉट्सॲप येतं म्हणजे स्मार्टफोन आला. तो ॲपलचा नसेल तर बहुतेक अँड्रॉइडचा. त्यात प्ले स्टोअरमधून काहीही उतरवायचं तर गुगलचं खातं लागतंच, आणि ते खातं म्हणजे बहुधा एक जीमेलचा पत्ता. प्ले स्टोअर उघडा. वर उजव्या कोपऱ्यात एक छोटा गोल दिसेल, त्यात एखादं अक्षर किंवा फोटो. त्यावर बोट ठेवा. एक नाव येईल आणि त्याखाली काहीतरी ॲट द रेट जीमेल डॉट कॉम. हा तुमच्या फोनचा मेल. काढला कुणी? भाच्यानं, नाहीतर जिथून फोन घेतलात त्या दुकानातल्या पोरानं. त्याच्यामागे चार गिऱ्हाइकं उभी असतात, तो घाईत असतो. 'न्यूफोन', पुढे त्या दिवसाची तारीख, पुढे मोबाइलचे शेवटचे चार आकडे, असले पत्ते मी पाहिले आहेत. पासवर्ड त्याला त्याच संध्याकाळी आठवत नसतो.

त्या पोराला मी हसत नाही, कारण मी त्यातलाच. दहा वर्षं मी पुण्यात नेट कॅफे चालवला. तासाला वीस रुपये, आणि मेल आयडी काढून द्यायचे दहा वेगळे. नोकरीचा अर्ज असो, इंजिनिअरिंगचा फॉर्म असो, माणूस यायचा आणि म्हणायचा, "दादा, एक मेल आयडी काढा." मी फक्त नाव विचारायचो. पासवर्ड मीच टाकायचो, जवळपास सगळ्यांना एकच: दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. विसरू नये म्हणून दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचो. मला ती सेवा वाटायची. लोकांनाही वाटायची. वर्षानं यायचे आणि विचारायचे, "दादा, माझा मेल आयडी काय होता हो?"

एकदा घरी लग्न होतं म्हणून मी चार दिवस कुलूप लावून गावी गेलो. त्याच चार दिवसांत एका मुलाच्या मुलाखतीचं पत्र मेलवर येऊन पडलं. पासवर्ड वहीत, वही दुकानात, दुकान बंद. मी परत आलो तेव्हा मुलाखत होऊन गेली होती. तो भांडला नाही. "तुमची काय चूक दादा," म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं. दुकान बंद केलं त्या दिवशी पहिली ती वही बंबात घातली.

म्हणून भाच्याची मदत घ्या, त्याचा पत्ता देऊ नका. तुमच्याकडून मेल आयडी मागतात तो केवळ पत्रं पाठवायला नाही. पासवर्ड विसरलात तर नवा करायची वाट मेलवर येते, ओटीपी मेलवर येतो, फंडाचं पत्रक मेलवर येतं. मेल ज्याच्या हातात, त्याला तुमची बाकीची खाती उघडता येतात, निदान तुमच्या आधी कळतात. भाचा सज्जन आहे, मान्य. मीही सज्जनच होतो. उद्या त्याची बदली झाली, फोन चोरीला गेला किंवा नुसता तो आठ दिवस कामात अडकला की तुमची कामं त्याच्याबरोबर अडकली.

आता ही चीज आहे काय ते थोडक्यात. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, तेव्हा मेलचा पत्ता त्या जोडणीबरोबर यायचा. जोडणी सोडली की पत्ता गेला. ४ जुलै १९९६ ला अमेरिकेत सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघांनी हॉटमेल सुरू केलं. त्यात पत्ता फुकट होता आणि पत्रं तुमच्या संगणकात न राहता कंपनीच्या संगणकांवर राहत. जगातल्या कुठल्याही संगणकावर वेबसाइट उघडा, नाव-पासवर्ड टाका, तुमची पत्रं समोर. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं. आपल्याकडे याहू आणि रेडिफ घरोघरी झाले; एमएस-सीआयटीच्या क्लासात तुम्हालाही बहुधा यांतलाच एखादा काढायला लावला असेल. जीमेल आलं १ एप्रिल २००४ ला. एक जीबी जागा फुकट देणार म्हणाले, आणि तारीख पाहून पुष्कळांना ती चेष्टा वाटली. आज १५ जीबी देतात.

याचा तुम्हाला उपयोग एवढाच की तुमचे मेल फोनमध्ये नसतात. फोन विहिरीत पडला तरी मेल जागेवर. पत्ता आणि पासवर्ड मात्र विहिरीत पडता कामा नये.

फुकट कसं परवडतं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. जाहिराती. मेलच्या यादीत अधूनमधून जाहिरातींच्या ओळी दिसतात. पूर्वी जाहिराती ठरवायला गुगल मेलमधला मजकूरही यंत्राकडून चाळून घेत असे. ते बंद करत असल्याचं २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं. कंपनी कुठली घ्यावी यावर लोक तासन्तास वाद घालतात. मायक्रोसॉफ्टचं आउटलुक आहे, चेन्नईच्या झोहोचं आहे, रेडिफ आहे. सगळी चालतात. तुम्ही जीमेल घ्या, कारण फोन गुगलचं खातं मागणारच आहे आणि अडलात तर शेजारच्या दहावीतल्या मुलालाही ते येत असतं.

फोनमध्ये सापडलेल्या जुन्या पत्त्याचं काय करायचं? भाच्याला विचारा: हा तू काढलास का, पासवर्ड माहीत आहे का? माहीत असेल आणि पत्ता बरा असेल तर तोच ठेवा. फक्त पासवर्ड बदला आणि मोबाइल नंबर तुमचा आहे ना ते बघा. काहीच माहीत नसेल तर नवा काढा. पण जुना फोनमधून घाईनं काढून टाकू नका. तुमचे नंबर, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप, म्हणजे जपून ठेवलेली प्रत, त्याच खात्यात जात असण्याची शक्यता मोठी आहे. एका फोनमध्ये दोन खाती सुखानं नांदतात. आधी नंबर आणि फोटो नव्याकडे आणा, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये बॅकअपचं खाते बदला, मग जुन्याचं काय ते बघा.

नवा काढताना सगळ्यात जास्त वेळ कशात घालवाल? पत्त्याच्या नावात घालवा. बाकी पडदे पाच मिनिटांत उरकतात, पण हे नाव पुढची वीस वर्षं तुम्हाला काउंटरच्या काचेतल्या त्या भोकातून ओरडून सांगायचं आहे. नियम असे: सहा ते तीस अक्षरं, त्यात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि टिंब. अंडरस्कोअर जीमेलमध्ये चालतच नाही. लहान लिपी, मोठी लिपी एकच. टिंबाची तर गंमतच आहे, जीमेल ते मोजतच नाही: टिंब दिलं काय, नाही दिलं काय, मेल तुम्हालाच येतो. आडनाव-नाव असा साधा पत्ता केव्हाच कुणीतरी घेतलेला असतो, मग पडदा स्वतःच शेवटी आकडे चिकटवून देतो. ते घेऊ नका. जन्मसालही नको, ज्याला पत्ता द्याल त्याला वय कळतं, आणि पासवर्ड ओळखू पाहणारा पहिल्यांदा तेच आकडे लावून बघतो. गावाचं नाव जोडा, माहेरच्या आडनावाचं पहिलं अक्षर जोडा, 'बाई' जोडा. 'बाई' कुणी घेतलेलं नसण्याची शक्यता बरीच आहे.

यात एक मराठी दुखणं आहे. आपली नावं रोमनमध्ये चार प्रकारांनी लिहिता येतात. 'दीक्षित'ला आय की डबल ई? 'साठ्ये'त वाय आहे का? माझ्याकडे एक मुलगी यायची. तिच्या खात्याला सुरक्षेचा प्रश्न होता, 'आजोळचं गाव कोणतं?' उत्तर संगमनेर. आता त्यातल्या मधल्या 'म'पुढे तिनं ए लिहिला होता की नाही, हे ठरवण्यात आमची एक दुपार गेली आणि खातं कायमचं गेलं. म्हणून आधार कार्डावर तुमचं नाव जसं छापलंय तसंच्या तसं स्पेलिंग घ्या. पत्ता पक्का करण्याआधी मैत्रिणीला फोन लावा, एकदाच सांगा आणि तिनं काय लिहिलं ते तिला परत वाचायला लावा. तिनं चुकीचं लिहिलं तर बँकेतला मुलगाही तसंच लिहिणार. शून्य आणि ओ, एक आणि एल अशा जोड्या टाळा. मेल आयडी चुकला तर टपालासारखा पोस्टमन ओळखून आणून देत नाही. एक तर परत जातो, नाहीतर त्याच पत्त्याच्या दुसऱ्या माणसाला मिळतो.

पडदे आता भराभर. जीमेलच्या ॲपमध्ये तोच वरचा गोल, त्यात दुसरं खातं जोडायचा पर्याय, मग नवीन खातं, मग वैयक्तिक वापराचा पर्याय. नाव विचारेल, ते देवनागरीत टाकलंत तरी चालतं. हे नाव समोरच्याला दिसतं आणि पुढे बदलता येतं. जन्मतारीख खरी द्या. मोबाइल नंबर द्या, त्यावर जी आणि एक छोटी रेघ, पुढे सहा आकडे असा संदेश येईल, ते आकडे टाका. नंबर फार वेळा वापरला गेलाय असं उत्तर आलं तर समजा, दुकानातल्या पोरानं किंवा भाच्यानं तुमच्या नंबरवर आधीच खाती काढलेली आहेत.

भाचा शेजारी बसला असेल तर एक अट घाला: फोन तुमच्या हातात, बोट तुमचं. त्यानं फक्त तोंडानं सांगायचं. वर्गात तुम्ही पोरांच्या हातातली पाटी घेऊन स्वतः गणित सोडवून दिलं असतंत तर?

पासवर्डच्या पडद्यावर त्याला तोंड फिरवायला सांगा. किमान आठ अक्षरं लागतात, तुम्ही वीस टाका. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द रोमनमध्ये सलग लिहायचे आणि मध्ये एखादा आकडा. वरवंटा, रिक्षा, पारिजात, ४१, असं काहीतरी. हेच घेऊ नका, आता ते इथे लिहून झालं. नातवाचं नाव, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर यांतलं काही नको. आणि तो कागदावर लिहून ठेवा. शहाणे लोक म्हणतात पासवर्ड कधी लिहू नये. मला हे पटत नाही. तुमच्या कपाटात हात घालणारा चोर दागिने नेईल, वहीतल्या वरवंट्याकडे बघणार नाही. लांबून तुमचं खातं उघडू पाहणाऱ्याला तुमचं कपाट दिसत नाही. मुदत ठेवींच्या पावत्या जिथे ठेवता तिथे ती वही ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी खुपसून ठेवायची नाही, एवढंच.

पुढचं काम लोक उद्यावर टाकतात आणि तो उद्या खातं बंद पडल्यावरच उगवतो. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवायचा, मोबाइल आणि रिकव्हरीचा दुसरा मेल विचारतात. मोबाइल तुमचाच, ज्याचं सिम तुमच्या हातात आहे तो. सिम रिचार्ज न करता पडू दिलंत तर कंपनी तो नंबर बंद करते आणि बंद झाल्यापासून ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचा कोड भुसावळच्या कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर वाजेल. म्हणून नंबर बदललात तर त्याच दिवशी इथे बदला. दुसरा मेल मुलीचा, बहिणीचा किंवा भाच्याचाच द्या. हो, इथे त्याचा पत्ता चालतो. त्यामुळे त्याला तुमचे मेल दिसत नाहीत. तुम्ही अडकलात तर कोड तेवढा त्याच्याकडे जातो.

त्याच पानावर दुहेरी पडताळणी सुरू करा. म्हणजे नव्या फोनवर किंवा संगणकावर कुणी पासवर्ड टाकला तरी तुमच्या फोनवर विचारणा झाल्याशिवाय दार उघडत नाही. ती सुरू केली की बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ आकडी दहा कोड. प्रत्येक एकदाच चालतो. फोन हरवला, सिम बंद पडलं, तरी यातला एक कोड तुम्हाला आत घेतो. ते त्याच वहीत उतरवून घ्या. उतरवताना तुमचं सुंदर अक्षर कामी येईल; माझ्या वहीत तीन आणि आठ सारखेच दिसायचे.

पत्ता झाला की लगेच गावभर वाटू नका. आधी मुलीला किंवा मैत्रिणीला मेल करा आणि उत्तर येऊ द्या. मग वहीत एक पान आखा: कुठे दिला, कधी दिला. पेन्शन ज्या बँकेत येते ती पहिली, मग विमा, मग आधार, मग गॅस. कापडाच्या दुकानात बिलासाठी मागतात तिथे 'नाही' म्हणायला काही हरकत नाही.

मेल लिहिण्याचं तुम्हाला काय सांगायचं? औपचारिक पत्राचा तक्ता तुम्ही फळ्यावर शेकडो वेळा आखला असेल. विषयाची ओळ म्हणजे तोच आपला 'विषय:', ती रिकामी सोडू नका. बँकेला लिहिताना तिथे कामाचं नाव लिहा, 'नमस्कार' नको. कागद जोडायची खूण टाचणीची आहे, आणि एका मेलला २५ एमबीपर्यंत जोडता येतं. पासबुकाचा फोटो आरामात जातो. 'पाठवा' दाबल्यावर चूक दिसली तर खाली काही सेकंद 'अनडू' दिसतं, ते दाबलं की मेल परत हातात. ही वेळ संगणकावरच्या सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. मी पहिल्याच दिवशी वाढवून ठेवतो.

रोज उघडा, निदान दिवसाआड. पेपर वाचून झाला की. सुरुवातीला बँकेचे मेल कधी 'प्रमोशन्स'मध्ये तर कधी 'स्पॅम'मध्ये जाऊन बसतात, तिथेही डोकवा. स्पॅममधलं आणि कचऱ्याच्या पेटीतलं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

आणि ती १५ जीबी जागा. ती एकट्या मेलची नाही. गुगलवर चढणारे फोटो, इतर फायली आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप सगळे त्याच पोत्यात जातात. तुमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदय, गुलाब आणि सुविचार येत असतील. त्यांचे व्हिडिओ बॅकअपमध्ये गेले की दोन वर्षांत पोतं भरतं, आणि भरलं की मेल येणं थांबतं. बँक पत्र पाठवते आणि ते परत जातं, कारण आत शुभ सकाळ भरलेली आहे. व्हॉट्सॲपच्या बॅकअपच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ वगळायचा पर्याय आहे. तो आजच वापरा.

फसवणुकीचं सगळं सांगायला हा स्तंभ पुरायचा नाही, म्हणून एकच सवय सांगतो. 'आपलं खातं आज रात्री बंद होईल, केवायसी करा' असा मेल आला की पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवा. नाव कुणीही बँकेचं टाकू शकतं. त्याखालचा खरा पत्ता उघडतो, त्यात ॲट द रेटच्या पुढचं वाचा आणि शेवटाकडून वाचा. बँकेचं नाव सुरुवातीला आणि शेवटी भलतंच काहीतरी असेल तर मेल पुसा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना आपल्या वेबसाइटचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' असे करायला लावले आहेत, त्यामुळे ओळखणं सोपं झालंय. पण खरा वाटला तरी मेलमधल्या लिंकवरून बँकेत जाऊच नका. पासबुक घ्या आणि शाखेत जा, नाहीतर पासबुकावर छापलेल्या नंबरवर फोन करा. कुठे चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० लावा.

आता यजमानांचा मेल. याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण पत्र मुळात त्यासाठीच असावं असं मला वाटलं. त्यांचा फोन घरात आहे का? चार्ज करून बघा. पुष्कळदा मेल त्यात उघडाच असतो. त्यांचं सिम चालू असेल तर सध्या रिचार्ज करत राहा. मेल दिसला तर त्यावरून पैशाचा कुठलाही व्यवहार करू नका. फक्त कोणकोणत्या कंपन्यांची पत्रं येतात त्यांची यादी करा. फंड, विमा, बँक सगळीकडे मृत्यू दाखला आणि वारसनोंदीचा रस्ता आहे, त्यासाठी त्यांचा पासवर्ड लागत नाही. यादी मिळाली की निम्मं काम झालं. कुठल्या बँकेत दहा वर्षं न हललेली जुनी ठेव असल्याचा संशय असेल तर रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, तिथे शोधता येतं.

मेल उघडलाच नाही तर गुगलकडे मृत व्यक्तीच्या खात्यासाठी विनंती करायचा अर्ज आहे. तुमचं ओळखपत्र आणि दाखला लागतो. पासवर्ड ते कधीच देत नाहीत. खातं बंद करून देतात, काही वेळा त्यातला मजकूर देतात, तेही त्यांना पटलं तर. मात्र दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर खातं पुसण्याचा अधिकार गुगलनं स्वतःकडे ठेवलाय. वर्ष होऊन गेलंय, तेव्हा हा अर्ज पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

तुमच्या नव्या खात्यात याचीच एक सोय आहे, इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर. तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत मुदत निवडायची. तेवढा काळ तुम्ही खात्याकडे फिरकलाच नाहीत तर तुम्ही नेमलेल्या माणसांना कळवलं जातं आणि तुम्ही परवानगी दिली असेल तर तुमचा मजकूर त्यांना मिळतो. दहा जणांपर्यंत नेमता येतात. हे करताना मन जड होईल. यजमानांच्या फोनसमोर बसून आधी ते काम उरका, मग दुसऱ्या एखाद्या दिवशी चहा घेऊन हे करा.

नेमलेल्यांत भाच्याचं नाव घाला. त्याला सांगितलंत की तोही खूश होईल.

आपला,
सदरलेखक

ता.क. फोनच्या कीबोर्डवर ॲट द रेट सापडत नाही म्हणून अडाल. मेल पत्त्याच्या चौकटीत ते बहुतेक खालच्या ओळीतच येतं. नसेल तर डावीकडे खाली प्रश्नचिन्ह आणि १२३ लिहिलेलं बटण दाबा. वाण्याच्या बिलावर '५ किलो @ ४०' लिहायचे ती हीच खूण, म्हणून आपण तिला 'रेट' म्हणतो. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं माणसाचं नाव आणि संगणकाचं नाव यांच्यामध्ये ती घातली. पत्ता मराठी कीबोर्डवर टाकायला जाऊ नका, आधी इंग्रजीवर या. आणि शेवटी स्पेस पडली की पत्ता चुकीचा म्हणून लाल अक्षरं येतात. ती स्पेस दिसत नाही, पण असते. मागे जाऊन पुसा.